उत्तरेकडची भिंत

नाशिकमध्ये ओलीचा विषय निघाला की बोलणे आपोआप पावसाळ्याकडे वळते. सादळलेले पापड, चार दिवस न वाळणारे कपडे, फुगलेली दारे आणि गच्चीच्या कोपऱ्यातून झिरपणारे पाणी यांच्या तक्रारी प्रत्येक घरात असतात. दसरा होतो, आकाश निवळते, पहाटेचा गारवा जाणवू लागतो आणि आता हा विषय पुढच्या जूनपर्यंत मिटला असे आपण धरून चालतो. पंखे बंद होतात, माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात, खिडक्या लागतात. आणि नेमके त्यानंतर, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, अनेक फ्लॅटमध्ये बेडरूमच्या एखाद्या कोपऱ्यात, बीमच्या खालच्या कडेला किंवा कपाटामागे काळपट ठिपके उमटू लागतात आणि कपाट उघडताच कुबट वास येतो.

याच दिवसांत बाहेरची हवा मात्र कोरडी असते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, अंगाला तेल लावल्याशिवाय चालत नाही, आणि दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकेल त्या वाफेपैकी प्रत्यक्ष असलेला वाटा, अनेकदा 30-35 टक्क्यांपर्यंत उतरलेली असते. बाहेर अशी हवा असताना आतल्या भिंतीवर बुरशी का धरावी, या प्रश्नाने मला बरीच वर्षे धरून ठेवले आहे. आमच्या घराची एक भिंत थेट उत्तरेला आहे, आणि तिच्यामुळेच मी या विषयात शिरले. आज माझे मत पक्के आहे की आपल्याकडची हिवाळ्यातली ओल बहुतेक वेळा घरातच तयार होते, थंड पडलेली भिंत तिला धरून ठेवते, आणि तिच्यावरचे सर्वांत चांगले औषध म्हणजे नाशिकची थंडीतली हवा. तीच हवा आपण गारठ्याच्या भीतीने खिडकीबाहेर अडवून ठेवतो.

हे म्हणणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. धुक्याच्या एका सकाळी मी खिडक्या उघडत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, बाहेर एवढं धुकं पडलंय आणि तू खिडकी उघडतेस? घर आणखी दमट होईल.” मी म्हटले, “आई, पंधरा मिनिटंच उघडते. बघा, उलट कोरडंच होईल.” त्यांची शंका अगदी रास्त होती, कारण धुके म्हणजे डोळ्यांना दिसणारे पाणी. पण गार हवेत फार कमी पाणी मावते, हे इथे लक्षात घ्यावे लागते. एक घनमीटर हवा 30 अंश सेल्सियसला सुमारे 30 ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते, 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅम आणि 10 अंशांना जेमतेम 9 ग्रॅमच्या थोडे वर. नाशिकमध्ये पहाटे पारा 10 अंशांवर असेल आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तरी त्या हवेत घनमीटरमागे 8 ग्रॅमच वाफ असते. हीच हवा घरात येऊन 22 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 40 टक्क्यांवर येते, म्हणजे ती भिंतीतले, अंथरुणातले आणि पडद्यांतले पाणी शोषून घ्यायला तयार होते. श्रावणात याच्या अगदी उलट परिस्थिती असते. तेव्हा 25 अंशांच्या आणि 90 टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे 20 ग्रॅमहून अधिक वाफ असते आणि खिडकी उघडून घर कोरडे होण्याची आशाच नसते. ज्या चार-साडेचार महिन्यांत खिडकी उघडण्याचा खरा उपयोग आहे, त्याच महिन्यांत आपण ती बंद ठेवतो, हे मला मनापासून खटकते.

पावसाळ्याचे पाणीही भिंतीत अजून शिल्लक असते, हे विसरता येत नाही. विटांची किंवा ब्लॉकची भिंत एकदा पुरती भिजली की जाडीच्या प्रत्येक इंचाला वाळायला साधारण एक महिना लागतो, असा एक जुना ठोकताळा आहे. आपल्या फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती सहा इंचांच्या असतात. म्हणजे ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर पश्चिमेकडचा मारा सोसलेली भिंत पूर्ण कोरडी व्हायला मार्च उजाडू शकतो. हिवाळा हा घराचा वाळण्याचा काळ आहे, आणि तो घराला मिळू द्यायला हवा.

आता आतल्या पाण्याकडे येते. ते दिसत नाही, म्हणून त्याचा अंदाज फार चुकतो. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणी तयार होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात सुमारे 22 लिटर पाणी निव्वळ ज्योतीतून आलेले असते. भाताच्या कुकरची वाफ, उकळणारी आमटी आणि आंघोळीच्या पाण्याची पातेली यांची भर त्यावर वेगळी. हा आकडा मी जेव्हा जेव्हा कोणाला सांगते, तेव्हा ऐकणारा क्षणभर शेगडीकडे बघतो. ज्योत कोरडीच असणार अशी आपली समजूत असते, आणि कढईवर झाकण नसेल तरच वाफ होते असे आपण मानतो.

दुसरे पाणी आपल्या श्वासाचे आणि त्वचेचे. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची बेडरूम घेतली तर तिच्यात साधारण 34 घनमीटर हवा असते, आणि 22 अंशांना ती पूर्ण संपृक्त, म्हणजे आणखी वाफ मावणार नाही अशी, व्हायला एकूण सुमारे 660 ग्रॅम वाफ लागते. त्या खोलीत दोघे आठ तास झोपले तर 640 ग्रॅम पाणी हवेत जाते. खोली मुळात अर्धी भरलेली असेल, तर दार-खिडक्या गच्च लावून झोपलेल्या दोघांना ती भरून काढायला हिशेबाने चार-पाच तास पुरेत. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी वाफ निसटते आणि बरीचशी गाद्या, उशा, पडदे आणि भिंतीचे प्लास्टर पिऊन टाकतात. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला पाणी दिसले, तर खोलीने रात्रभरात आणखी पिण्याची क्षमता संपवली आहे असे समजावे. जुन्या बायका सकाळी उठल्याबरोबर अंथरूण न गुंडाळता आधी झटकून मोकळे ठेवत, त्यामागे हेच शहाणपण होते. आजही गादीवर लगेच बेडकव्हर ओढू नये, तासभर ती उघडी ठेवावी.

तिसरे पाणी कपड्यांचे. यंत्रातून पिळून निघालेल्या एका वेळच्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी सहज शिल्लक असते. थंडीत बाल्कनीत ऊन येत नाही म्हणून कपड्यांचा स्टँड हॉलमध्ये पंख्याखाली येतो आणि ते सगळे पाणी घरातल्या हवेत मिसळते. स्वयंपाकघराशेजारची ड्राय बाल्कनी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तिला काचा लावून खोलीत सामील करून घेण्याआधी दहादा विचार करावा.

वाफ जिथे तयार होते तिथे बसून राहत नाही. स्वयंपाकघरातली आणि बाथरूममधली वाफ घरभर पसरते आणि जिथे सर्वांत गार पृष्ठभाग मिळेल तिथे पाणी होऊन बसते. पाहुण्यांसाठी बंद ठेवलेल्या खोलीत कोणी झोपत नाही, कोणी चहा करत नाही, तरीही बुरशी तिथेच सर्वांत आधी येते, ती यामुळे. घरातली हवा 22 अंश आणि 60 टक्के असेल, तर 14 अंशांना पोहोचलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव साचते. बुरशीला तर दवाचीही गरज नसते. पृष्ठभागाशी चिकटलेल्या हवेची आर्द्रता काही दिवस सलग 80 टक्क्यांच्या वर राहिली की तिला पुरते, आणि वर सांगितलेल्या हवेत ही अवस्था भिंत साडेसतरा अंशांच्या आसपास उतरली की येते. निफाडच्या थंडीच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात त्या आठवड्यांत नाशिकमधल्या सहा इंची भिंतीला साडेसतरा अंशांपर्यंत उतरणे अवघड नाही.

उत्तरेकडची भिंत या सगळ्यात सर्वांत दुर्दैवी. 23 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकतो, आणि तेव्हापासून 21 मार्चपर्यंत उत्तरेकडच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. सहा महिने तिला फक्त उजेड मिळतो, ऊब मिळत नाही. त्या भिंतीतही कॉंक्रीटचा बीम आणि कॉलम विटांपेक्षा अधिक वेगाने उष्णता बाहेर सोडतात, म्हणून बुरशीची पहिली रेघ बीमच्या कडेने आणि कोपऱ्यातून निघते. भिंतीला खेटून भरलेले कपाट ठेवले की खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोहोचत नाही, वाफ मात्र फटीतून पोहोचते. पलंगाचे डोके, सोफ्याची पाठ आणि मोठा आरसा यांच्या मागेही तेच घडते. सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांना आणखी एक अडचण असते. थंडीतल्या निरभ्र रात्री गच्चीचा स्लॅब आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार पडू शकतो. पहाटे बाथरूमच्या छताला लोंबणारे थेंब पाहून टाकी फुटल्याची शंका येते, पण पुष्कळदा ती आदल्या आंघोळीचीच वाफ असते.

यावरून आमच्या सोसायटीत झालेला एक वाद मला सांगायलाच हवा, कारण असे वाद नाशिकभर होत असणार. एका घरात छताच्या कोपऱ्यात डाग दिसला, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममधून गळती आहे असे ठरले. फरशी फोडायची, वॉटरप्रूफिंग करायचे, खर्च कोणी द्यायचा, यावर बैठका झाल्या आणि शेजाऱ्यांचे बोलणे थांबले. अशा वेळी भिंत फोडण्याआधी करण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर तुकडा डागाजवळच्या कोरड्या पुसलेल्या जागेवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला ओल धरली, तर ती खोलीतल्या हवेची आहे. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला ओल आली, तर पाणी भिंतीतून किंवा स्लॅबमधून येते आहे. डागाची जातही पाहावी. गळतीचा डाग पिवळसर असतो, त्याला कडा असते, आणि तो वरच्या घरातल्या वापरानुसार कमी-जास्त होतो. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्याच्या भिंतींना खालून दोन-तीन फुटांपर्यंत धरते, रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरा लोणा दिसतो. हवेतल्या वाफेची ओल काळ्या-हिरवट ठिपक्यांनी कोपऱ्यात पसरते आणि तिला लोणा नसतो. आमच्याकडे ओल खोलीच्या बाजूला निघाली. काकू आता पुन्हा खाली हळदीकुंकवाला येतात, आणि माझ्या दृष्टीने फरशी वाचली यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

आर्द्रता मोजायला एक लहानसे डिजिटल आर्द्रतामापक घ्यावे. ते महाग नसते. त्याचा आकडा खरा आहे की नाही हे तपासण्याची रीतही घरच्या घरी जमते. एका झाकणात साधे मीठ घेऊन ते पाण्याने चिखलासारखे ओलसर करावे, मापक आणि हे झाकण एका घट्ट डब्यात शेजारी शेजारी ठेवून आठ-दहा तासांनी आकडा पाहावा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा खोलीच्या तापमानाला 75 टक्क्यांवर स्थिर राहते, त्यामुळे मापक जितका फरक दाखवील तितकी त्याची चूक. मीठ कोणत्याही यंत्राशिवायही साक्ष देते. हवा 75 टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून पाझरू लागते. पौषात मिठाची उघडी वाटी ओलसर झाली, तर स्वयंपाकघर कोंडले आहे हे नक्की.

माझे माहेर जुन्या नाशकातले, गोदावरीच्या उतारावरच्या एका वाड्यातले. त्या घरांनाही ओल होती, आणि नदीजवळच्या वाड्यांना पुराची ओलही माहीत होती, म्हणून जुने ते सगळे चांगले असे मी म्हणणार नाही. पण तिथल्या जाड भिंती रात्रीतून गार पडत नसत, चुन्याचा गिलावा वाफ घेत असे आणि परत सोडत असे, आणि मधला चौक दिवसभर हवा वर ओढत राही. ताज्या चुन्याचा क्षारपणा इतका तीव्र असतो की बुरशी त्यावर सहसा धरत नाही. दिवाळीआधी घराला चुना देण्याची पद्धत शोभेची होतीच, पण ती आरोग्याचीही होती. आजच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर पुट्टी, तिच्यावर प्लास्टिक पेंट, खिडक्यांना सरकत्या काचा, आणि खिडकीच्या वरचा झरोका तर नकाशातूनच गेला आहे. मायवन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत कॉंक्रीट ओतून, बांधलेल्या नव्या उंच इमारतींत बाहेरच्या भिंतीही संपूर्ण कॉंक्रीटच्या असतात. तिथे कोपराच नव्हे, तर उत्तरेची सगळी भिंतच गार पडते. घर घेताना आपण पार्किंग पाहतो, लिफ्ट पाहतो. बेडरूमला समोरासमोर दोन उघडी तोंडे आहेत का, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन खरोखर बाहेर उघडतो का, हे विचारणारे ग्राहक वाढले, तर बांधणाऱ्यांना झरोका परत आणावा लागेल. ही मागणी आपण करायला हवी.

उपायांत माझ्या मते पहिला मान खिडकीचा. रोज सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे घराच्या समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात, आणि दुपारी ऊन चढल्यावर जमेल तितका जास्त वेळ. घर गार पडेल ही भीती अनाठायी आहे. घराची ऊब भिंतींत, फरशीत आणि सामानात साठलेली असते, हवेत तिचा फार थोडा वाटा असतो. म्हणून पंधरा मिनिटांत हवा बदलते, पण घर गार होत नाही, आणि खिडकी लावल्यावर थोड्याच वेळात खोली पूर्ववत होते. एक खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवण्याचा परिणाम याहून वाईट होतो, कारण तिच्याभोवतीची भिंत तेवढी गार पडत राहते आणि हवा मात्र पुरती बदलत नाही. रात्री झोपताना मात्र श्वासाच्या वाफेला वाट हवी, म्हणून बेडरूमचे दार उघडे ठेवावे, किंवा निदान जाळी लावलेली ठेवून खिडकीची काच दोन इंच सरकवावी.

नाशिकमध्ये संध्याकाळी खिडक्या लागण्याचे मोठे कारण थंडी नसून डास आहेत, हे इथे स्पष्ट म्हणायला हवे. गोदावरी, नासर्डी आणि वालदेवी यांच्या काठच्या वस्त्यांत सूर्य मावळायच्या आत काचा लागतात, आणि त्यानंतर घरात रात्रीचा स्वयंपाक, कुकर, भांडी आणि आंघोळी होतात. म्हणून तीन ट्रॅकची, जाळीची सरकती बाजू असलेली खिडकी ही नाशिकच्या घराची गरज आहे. जाळी धुळीने भरली की तिच्यातून हवा येत नाही, त्यामुळे दिवाळीत पडदे धुतात तशा जाळ्याही धुवाव्यात. आमच्या जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली जाणतो. निफाड-दिंडोरीकडे थंडीत वेलीच्या दाट पानोळ्यात ओलावा कोंडला की डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग येणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो औषध फवारण्याच्या आधी फेलफुटी, म्हणजे नको असलेले फुटवे, काढतो, पाने विरळ करतो आणि घडांभोवती वारा खेळता ठेवतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे हे घरातले तेच काम आहे. उत्तरेच्या भिंतीला शक्यतो कपाट लावूच नये. लावावे लागले, तर मागे वरखाली हवा फिरेल एवढी जागा ठेवावी आणि कपाट खचाखच भरू नये.

पुस्तकांबद्दल आणि पैठण्यांबद्दल मला विशेष काळजी वाटते. सार्वजनिक वाचनालय 1840 मध्ये स्थापन झालेल्या या गावात घरोघरी पुस्तकांची कपाटे आहेत, आणि कागद हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. पुस्तके फळीच्या मागच्या भिंतीला टेकवू नयेत, पुढे ओढून रचावीत, आणि थंडीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी ती उघडून उभी ठेवावीत. येवल्याची पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. आत अडकलेली ओल रेशमालाही बाधते आणि चांदीची जरही काळी करते. धुवट मलमलीत गुंडाळून ठेवावी, हिवाळ्यात एक-दोनदा सावलीत वारा द्यावा आणि घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या आणि कापूर किड्यांसाठी असतात, त्यांनी ओल जात नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र खरोखर पाणी ओढतात. बंद कपाटाला ते पुरतात, खोलीला पुरत नाहीत. आर्द्रता काढणारे विजेचे यंत्र पावसाळ्यात उपयोगी आहे. नाशिकच्या थंडीत ते जे काम वीज जाळून करील, ते खिडकी फुकट करते.

स्वयंपाकघरात झाकण ठेवून शिजवावे आणि गॅस पेटवण्याआधीच एक्झॉस्ट सुरू करावा. नळीविना बसवलेली, हवा गाळून परत खोलीतच सोडणारी चिमणी तेलकटपणा कमी करते, वाफ मात्र तिथेच ठेवते. आंघोळीनंतर बाथरूमचे दार घराकडे सताड उघडे टाकू नये. दार लोटून एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवावा आणि फरशीवरचे पाणी वायपरने ओढून टाकावे.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कधीही बसवू नये. तो भरपूर वाफ सोडतो ही त्याची लहान बाजू झाली. हवा अपुरी पडली की तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, ज्याला वास नसतो, रंग नसतो, आणि जो आंघोळ करणाऱ्या माणसाला हाक मारण्याचीही संधी न देता बेशुद्ध करतो. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. थंडीसाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे हाही तोच धोका आहे. विजेच्या हीटरने तो धोका नाही, पण ओलही त्याने जात नाही. खोलीतली हवा तेवढी तापते आणि तिच्यातली वाफ शेजारच्या गार खोलीत जाऊन बसते.

दक्षिणेच्या खिडकीचे पडदे थंडीत दिवसभर बाजूला करून ठेवावेत. 22 डिसेंबरच्या सुमारास नाशिकमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 46-47 अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खिडकीतून खोलीत बरेच आतपर्यंत येते. गाद्या, उशा, गोधड्या त्या उन्हात किंवा गच्चीत घालाव्यात. धुळीतले सूक्ष्म किडे दमट अंथरुणात वाढतात, आणि दम्याच्या अनेक मुलांना त्यांचा बराच त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि दमट घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक होतो हे त्यांत नोंदवले आहे. थंडीत लांबलेला मुलाचा खोकला हवामानाच्या नावावर घालण्याआधी त्याच्या पलंगामागची भिंत एकदा पाहावी.

बुरशी आलीच असेल, तर ती कोरड्या ब्रशने किंवा झाडूने झाडू नये, कारण तिचे बीजाणू खोलीभर उडतात. नाकातोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी, फडके टाकून द्यावे आणि जागा पंख्याने पूर्ण वाळवावी. ब्लीच वापरायचे असल्यास एकटेच वापरावे. टॉयलेट साफ करण्याच्या ॲसिडमध्ये ते मिसळले, तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि घर कोरडे करण्याच्या उत्साहात दुसऱ्या टोकाला जाऊ नये. मापकावर आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये असली की पुरे. 30 टक्क्यांपर्यंत उतरली तर घसा कोरडा पडतो, तान्ह्या बाळाची त्वचा फुटते, लाकूड तडकते. त्या दुपारी कपडे आत वाळवले तरी हरकत नाही.

राहिला रंगाचा प्रश्न. डाग दिसला की त्यावर ओलप्रतिबंधक रंगाचा हात मारून घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो आणि डिसेंबरात तो घाईने अमलातही येतो. ओल्या भिंतीवर असा थर दिला की आतले पाणी आतच राहते आणि पुढच्या वर्षी पोपड्यांसह बाहेर येते. हे काम मार्चपर्यंत थांबवावे. तोवर रोज खिडकी उघडून भिंत वाळू द्यावी, मार्चच्या मध्याला फॉइलचा तुकडा पुन्हा लावून पाहावा, आणि दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या की मगच जुनी पुट्टी खरवडून, शक्य असेल तिथे चुन्याचा किंवा वाफ बाहेर सोडणारा रंग द्यावा. त्या सुमारास सूर्यही उत्तरेकडे सरकू लागलेला असतो, आणि रंगाऱ्याला वाळलेली भिंत मिळते.